धडधडीत पुरावा

प्रिय लवंगी,

तुझे फोन मी उचलत नाही म्हणून तू चिडली असशील. चिडायलाच हवं, नाहीतर तुला लवंगी म्हणून काय उपयोग. बाबांनी सांगितलं असेल की लॅबमध्ये काम फार आहे. काम काही नाही. दोन कवळ्या आणि एक अर्धवट जबडा एवढंच माझ्या टेबलावर आहे, आणि तेही कालपासून तसंच पडलंय. तुझा आवाज कानावर आला की मी रडणार, आणि रडत सांगितलेली गोष्ट धड सांगून होत नाही, म्हणून लिहायला बसले. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तेव्हा सावकाश वाच. वाचून झाल्याबरोबर बाबांना फोन लावू नकोस. हे सांगितल्यावर तुझं माझं काय होईल ते मला माहीत नाही, आणि भीती वाटते ती तेवढ्याचीच.

आधी बाबांची बातमी, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. ऑपरेशन नीट झालं. ताप नाही, भूक लागते, चहा पातळ झाल्याच्या तक्रारी सुरू झाल्या आहेत, म्हणजे माणूस ठणठणीत आहे. तुला हर्निया म्हणून सांगितलं होतं ते मात्र खरं नाही. हायड्रोसील होतं. अंडकोषाभोवतीच्या पिशवीत पाणी साठत जातं आणि ती फुगते, तो आजार. मुलीला हे कुठल्या तोंडाने सांगायचं म्हणून त्यांनी हर्निया सांगितला. मी तेवढी नाजूक नाही. बाईच्या पोटाची चर्चा चारचौघांत चहा पिता पिता होते, माझ्या पोटाची तर बारा घरांत झाली. मग पुरुषाच्या अंडकोषाचं नाव घेतल्याने आभाळ कोसळायचं कारण नाही.

हे दुखणं त्यांनी कितीतरी वर्षं अंगावर काढलं. आधी लिंबाएवढं होतं, वाढत वाढत नारळाएवढं झालं. ढगळ पँटी शिवून घ्यायच्या, शर्ट बाहेर सोडायचा, खुर्चीवर तिरकं बसायचं. मी थट्टा करायची, अहो, कुणाच्या झाडाचा नारळ चोरून आणलात? ते लाल व्हायचे. डॉक्टरकडे चला म्हटलं की मात्र वसकन अंगावर यायचे, हे कधीही आवाज न चढवणारे तुझे बाबा! मला वाटायचं लाज आहे, पुरुष माणूस, नको त्या जागी चाकू लागणार म्हणून घाबरतोय. शेवटी लिफ्टच्या मशीनरूमची शिडी चढता येईना, कंपनीने खाली बसवून ठेवलं, तेव्हा मीच हाताला धरून दवाखान्यात नेलं. ऑपरेशनचा हट्ट माझा होता. त्यांना चाकूपेक्षा चाकू धरणाऱ्याला काय दिसेल याची धास्ती होती, हे मला कुठून कळणार?

डॉक्टर तरुण आहे, बोलका. डोक्यावरची टोपी काढत बाहेर आला आणि व्हरांड्यात पाण्याच्या पिंपापाशी मी उभी होते तिथे येऊन म्हणाला, काकू, सगळं छान झालं, पाणी काढलं, पिशवी उलटी करून शिवली, आता पुन्हा भरणार नाही. मग स्वतःसाठी पेला भरता भरता म्हणाला, काकांची नसबंदी कुणी केली होती हो? फार सुबक काम आहे. दोन्ही बाजूंच्या गाठी अजून हाताला लागतात. कारागिराने कारागिराचं कौतुक करावं तसं. मीही दुसऱ्याने घडवलेली कवळी हातात आली की आधी उलटून बघते, त्यामुळे त्याच्यावर रागावता येत नाही. मी म्हटलं, आता आठवत नाही. तो म्हणाला, हो, बरीच जुनी दिसते, मुलं झाल्यावर लगेच करून घेतली असेल. मी म्हटलं, हो. त्याने पेला माझ्यापुढे केला तर तोही घेतला आणि सगळं पाणी प्यायले.

लवंगी, तुझ्यामागे आमच्या घरात पाळणा हलला नाही हे तुला माहीत आहे. का हलला नाही, हे मला त्या पिंपापाशी कळलं.

तरी माझा विश्वास बसेना. मला वाटायचं नसबंदी झालेला पुरुष बायकोला कळतोच, काहीतरी कमी असणार, काहीतरी वेगळं असणार. टाके बघायच्या दिवशी बाबांना बाहेर बाकावर बसवून मी डॉक्टरला एकटी भेटले आणि विचारलं. माझा चेहरा बघून त्याला आपण काय बोलून बसलो ते उमगलं असावं, बिचारा खुर्चीत चुळबुळ करायला लागला. पण सांगितलं नीट. अंडकोषात शुक्रजंतू तयार होतच राहतात, म्हणाला, फक्त त्यांना पुढे नेणारी नस कापून बांधलेली असते. तयार झालेले आतल्या आत विरून जातात, शरीर त्यांना जिरवतं. बाकीचं वीर्य पुढच्या ग्रंथींतून येतं, ते पूर्वीसारखंच येत राहतं. पुरुषपणात काडीचा फरक पडत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवला तरच कळतं, बायकोला कळायचं काही कारणच नाही, काकू. मी विचारलं, ती नस पुन्हा जोडता येते का? म्हणाला, येते, सगळ्यांना यश येतं असं नाही, जितकी वर्षं जास्त तितकी आशा कमी, पण सुरुवातीच्या काही वर्षांत बरी असते. सुरुवातीच्या काही वर्षांत मी काय करत होते ते सांगते.

तू चार वर्षांची असताना मी या घरात आले. तुझ्या आत्याने, आमच्या वन्संनी, तुला ‘नवी आई’ म्हण असं पढवलं होतं, तू त्यातलं ‘आई’ गाळलंस. नवी, पाणी दे. नवी, वेणी सोड, दुखतंय. मला त्या हाकेचा कधी राग आला नाही, उलट लॅबमध्येही सगळे मला नवीच म्हणायला लागले. दुसरीत तुमच्या वर्गाचा फोटो होता आणि तुझे पुढचे दोन्ही दात पडलेले. तू रडून घर डोक्यावर घेतलंस. मी लॅबमध्ये बसून तुझ्या मापाचे दोन दात घडवले, तांदळाच्या दाण्यांपेक्षा जरासे मोठे, आणि बारीक पट्टीवर बसवून दिले. फोटो झाल्यावर तू ते वर्गातल्या सगळ्या बोळक्या मैत्रिणींना आळीपाळीने घालायला दिलेस. तुमच्या मुलीला काही शिस्त आहे की नाही, म्हणून बाईंनी मला बोलावून झापलं. मी खाली मान घालून हसत होते. तुमच्या मुलीला!

मग मला वाटायला लागलं, अजून एक हवं. तुला भाऊ हवा की बहीण असं विचारलं तर तू म्हणायचीस, कुत्रा. बाबा म्हणायचे, आपल्याला ही आहे ना, पुरे की. मला वाटायचं, केवढा मोठ्या मनाचा माणूस, मला ओझं वाटू नये म्हणून म्हणतोय. मी ऐकलं नाही. दवाखाने सुरू झाले. गोळ्या, सुया, रक्त, पोटावरून यंत्र फिरवणं, अमुक दिवशी या, तमुक दिवशी नवऱ्याजवळ जा. तेही सगळं ते पाळायचे, दिवस मोजून. प्रत्येक नवा डॉक्टर आधी विचारायचा, नवऱ्याची तपासणी झाली आहे का? बाबा खाली बघत म्हणायचे, मला पहिल्या बायकोपासून मुलगी आहे. संपलं. दाराबाहेर बाकावर तू पाय हलवत बसलेली असायचीस. डॉक्टर तुझ्याकडे बघून हसायचे आणि परत माझ्याकडे वळायचे. तूच तो धडधडीत पुरावा. एवढी खणखणीत पोर समोर असताना बापाला कोण तपासणार? मीसुद्धा कधी शंका घेतली नाही. एका बाई डॉक्टरने मात्र हट्ट धरला, छोटी बाटली हातात दिली, यात नमुना आणून द्या म्हणाली. ते दुसऱ्या दिवशी एकटे गेले आणि येऊन म्हणाले, दिला, सगळं ठीक आहे. त्यानंतर आम्ही त्या बाईकडे गेलोच नाही. फार आगाऊ आहे, म्हणाले. ती एकटीच शहाणी निघाली.

वन्सं यायच्या, तुझ्या डोक्यावरून हात फिरवायच्या आणि माझ्याकडे बघून म्हणायच्या, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! बाबा तिथेच बसलेले असायचे. ताई, पुरे, एवढंच म्हणायचे, आणि उठून जायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार मी खात होते, आणि आड तर भरलेला होता गं, दोर कापलेला होता. त्यांना हे माहीत होतं. दर महिन्याला पाळी आली की मी न्हाणीघरात नळ सोडून रडायची, आणि बाहेर आले की ते गरम पाण्याची पिशवी भरून उभे असायचे. लॅबमधल्या बायकांना मी सांगायची, माझ्यासारखा नवरा शोधून मिळणार नाही. पिशवी ते आदल्या दिवशीच शोधून ठेवायचे. पाळी येणारच हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तुला आठवतं, तू पाचवीत असताना मी बरेच दिवस घरी नव्हते, आणि तुला वन्संकडे ठेवलं होतं? तुला अपेंडिक्स सांगितलं होतं. अपेंडिक्स जागेवर आहे. दुर्बीण घालून पोटातल्या नळ्या बघायच्या होत्या, साधी गोष्ट म्हणे, संध्याकाळी घरी. त्यात आत जंतू गेले, पू झाला, पुन्हा पोट उघडावं लागलं. ताप उतरेना. बाबा माझ्या पायाशी बसून रडायचे, सिस्टरने दोनदा हाकललं तरी उठायचे नाहीत. मी बरी झाल्यावर डॉक्टर म्हणाले, आता मूल राहणं कठीण, नळ्या चिकटल्या आहेत. म्हणजे आत जाताना मी चांगली होते, बाहेर आले ती वांझ होऊन. आणि भूल द्यायच्या संमतीच्या कागदावर नवऱ्याची सही लागते, ती त्यांनी केली होती.

आता त्यांना विचारलं ते सांगते. दुपार होती. ते पलंगावर उताणे, खाली गुंडाळलेल्या टॉवेलचा आधार दिलेला, हातात पेपर. मी विचारलं, कधी करून घेतलीत? काय, असं त्यांनी विचारलं नाही. पेपरची कडेला कड जुळवून घडी घातली आणि म्हणाले, ती गेल्यावर, महिन्याभरात. कोंबडं झाकून ठेवलं तरी तांबडं फुटतं ते असं, भर दुपारी. मग तुझ्या आईचं शेवटचं त्यांनी मला पहिल्यांदाच सांगितलं. बाळंतपणानंतर रक्त थांबलं नाही एवढं तुला माहीत आहे. बाकीचं मी लिहीत नाही, ते त्यांच्या डोळ्यांदेखत झालं, त्यांच्याकडूनच ऐक. तुझ्यामुळे काही झालं नाही, हे मात्र माझ्याकडून पक्कं ऐक. पुन्हा कुठलीही बाई आपल्यामुळे त्या टेबलावर जायला नको, असं ठरवून ते नसबंदी करून आले. डॉक्टर तयार नव्हता, एवढा तरुण आहेस, उद्या लग्न करशील म्हणाला. यांनी सांगितलं, करणार नाही. तेव्हा ते खरंच होतं. मग तू बोलायला लागलीस, शेजारच्या पोरांना आई आहे, मला का नाही म्हणायला लागलीस, आणि वन्संनी माझं स्थळ आणलं.

मी म्हटलं, मला तेव्हाच का नाही सांगितलंत? तर म्हणाले, सांगितलं असतं तर आली असतीस? मी खरं तेच बोलले, की माहीत नाही. कदाचित आले असते. अठ्ठावीस वर्षांची होते, लोकांचे दात घडवत होते, आणि तू बघायच्या दिवशी माझ्या पर्समधला आरसा घेऊन पलंगाखाली जाऊन बसली होतीस, तेव्हाच तू मला आवडली होतीस. पण तो विचार माझा मला करू द्यायला हवा होता. ते म्हणाले, पुढे सांगीन, पुढे सांगीन म्हणत राहिलो, मग फार उशीर झाला. मी म्हटलं, आणि तो दुर्बिणीचा दिवस? कुणी बाई बाळंतपणात मरू नये म्हणून तुम्ही नस बांधून घेतलीत, आणि जे कधी होणारच नव्हतं त्यासाठी मला स्वतःच्या सहीने टेबलावर झोपवलंत. तिथे मी मेले असते तर?  ते म्हणाले, पण तू जिवंत आहेस ना? रागाने नाही गं. अगदी मनापासून, मला धीर द्यावा तसं.

लवंगी, त्या वाक्यावर मी गार पडले. तुझे बाबा जन्माचे सावध. अनोळखी इमारतीत लिफ्ट दिसली की आधी आत कान लावून ऐकणार, आवाज पटला नाही तर मला सहा मजले चढवणार. त्यांच्या हिशेबात मी सुखरूप पोहोचले, काम फत्ते. त्यांनी नसबंदी केली याचा मला राग नाही, खरंच नाही. सगळी गोळ्यांची आणि टाक्यांची कटकट बायकांनी सोसायची असते, तिथे एक पुरुष आपणहून पुढे झाला, हे कौतुकाचंच. राग आहे तो मला रोज बघून गप्प बसण्याचा. कधीकधी त्यांची कीव येते, एवढी भीती घेऊन हा माणूस इतकी वर्षं माझ्या शेजारी कसा झोपला. दुसऱ्या क्षणी त्यांचा खोकलासुद्धा ऐकवत नाही. मी रोज त्यांना आधार देऊन मोरीपर्यंत नेत होते, टॉवेल बदलत होते, आणि आमच्यात मीठ जास्त झालं, खिडकी लाव, एवढंच बोलणं उरलं होतं. हे तुझ्यासाठी झालं असं ते म्हणतात. तसं नाही, हे लक्षात ठेव. चार वर्षांच्या पोरीने आई मागितली म्हणून कुणी कुणाला फसवत नाही. ते त्यांनी केलं, आणि त्याचं ओझं त्यांचंच.

आता हे सगळं का लिहिलं ते सांगते. परवा तुझा निरोप आला, की रजा मिळत नाही, पण नवी आहे म्हणून मला बाबांची काळजी नाही. तो वाचला आणि ठरवलं की आता सांगायलाच हवं. नवी तिथे नसेल. तुझ्या हातात हे पत्र पडेल तेव्हा मी लॅबच्या मालकीणबाईंच्या घरावरच्या खोलीत राहायला गेलेली असेन, आणि परत येणार नाही. बाबांचे टाके निघाले, शिडी सोडून सगळं करता येईल असं डॉक्टर म्हणाला, त्याआधी मी हलले नसते. त्यांना तोंडावर सांगितलं. त्यांनी अडवलं नाही, फक्त विचारलं, पोरीला काय सांगू? मी म्हटलं, तिला मी सांगते. तू त्यांना तोडू नकोस, ते तुझे बाप आहेत आणि तुझ्यासाठी चांगले बाप आहेत. माझ्या खोलीत पलंग एकच आहे, पण खाली गादी घालायला जागा आहे. वन्सं सांगतील की नवी अखेर नवीच निघाली, आजारी नवऱ्याला टाकून गेली. तुलाही तसंच वाटलं तर मी काय करणार? तू माझ्या पोटची नाहीस हे मला इतक्या वर्षांत एकदाही खुपलं नाही, आता खुपतंय. पोटची असतीस, तर त्यांना सोडल्यावरही तू माझी उरशील का, हे मला विचारावं लागलं नसतं.

तुझीच,
नवी